उधाणाची भरती

आज लेकीला घेऊन दादर चौपाटीवर गेले होते. उधाणाची भरती. वाळू दिसतच नव्हती, लाटा थेट भिंतीवर आदळत होत्या आणि ओसरताना पिशव्या, एक चप्पल, नारळ मागे टाकून जात होत्या. तिने विचारलं, "आई, मी आजी होईन तेव्हा पाणी कुठपर्यंत येईल?"

पोटात धस्स झालं. १९०१ ते २०१८ मध्ये जगभरात समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला, आणि आता तो आणखी वेगाने चढतोय. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यात भरती. पाण्याला बाहेर जायला वाटच नव्हती. मी तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले होते.

तिच्या म्हातारपणीची मुंबई डोळ्यांपुढे आली. दादरच्या सखल हिंदमाता भागातले तळमजले रिकामे, दुकानं पहिल्या मजल्यावर, शाळेच्या सुट्ट्या भरतीच्या वेळापत्रकावरून. आणि वरळीचा कोळीवाडा? तो मला दिसेचना. या शहराचा समुद्र ज्यांना सगळ्यात आधी कळला, त्यांचीच घरं आधी जावीत, हे मला सहन होत नाही.

निघताना लेकीने भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवर बोट ठेवलं. तिच्या खांद्याला लागत होती.