बँकॉकमधील मुदतवाढ आणि चौथा कर्मचारी

थायलंडमध्ये छोटी कंपनी काढणे मला अवघड गेले नाही. त्या कंपनीत स्वतः काम करण्याची परवानगी टिकवताना मात्र नाकी नऊ आले. 1999 च्या परदेशी व्यवसाय कायद्यामुळे बहुतेक सेवाव्यवसायांत परवान्याशिवाय निम्मे भागभांडवलही आपल्याकडे ठेवता येत नाही, हे आधीच ठाऊक होते. कंपनीची नोंदणी, 20 लाख बाथचे भांडवल, ‘नॉन-इमिग्रंट बी’ हा व्यवसाय-नोकरीसाठीचा व्हिसा आणि वर्क परमिट हे सारे वकिलामार्फत सुरळीत पार पडले.

घोडे अडले ते देशात राहण्याच्या परवानगीच्या वार्षिक मुदतवाढीपाशी. एका परदेशी व्यक्तीमागे चार थाई कर्मचारी असावेत असा नियम आहे आणि ते खरोखर नोकरीत आहेत की नाहीत, हे सामाजिक सुरक्षा निधीत दरमहा भरलेल्या वर्गणीच्या तक्त्यावरून ठरते. आमच्या हिशेबनीस बाई नेमक्या अर्जाच्या सुमारास नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी मी लगेच दुसरी नेमणूक केली, परंतु नव्या व्यक्तीचे नाव पुढच्या महिन्याच्या तक्त्यातच येणार होते. इमिग्रेशन कार्यालयात खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यांनी तक्त्यावरची तीन नावे बोटाने मोजली आणि फाइल परत सरकवली. नेमणूकपत्र किंवा निधीकडील नोंदणीची पोच त्यांनी उघडूनही पाहिली नाही. मुदत संपत आलेली, धंदा व्यवस्थित चाललेला, कर वेळेवर भरलेला, आणि माझे त्या देशात राहणे अवलंबून होते ते दुसऱ्या कुणाच्या वर्गणीच्या नोंदीवर! चौथे नाव आले, तेव्हा छायाचित्रांवर आक्षेप निघाला. कार्यालयाची पाटी दिसत होती, कर्मचारी दिसत होते, पण त्यांच्यासोबत मी कुठे होतो? ती छायाचित्रे नव्याने काढून दिल्यावर ‘विचाराधीन’ असा शिक्का मिळाला आणि त्यानंतर यथावकाश वर्षाची मुदतवाढ.

तेव्हापासून मी पाचवा कर्मचारी ठेवतो. पगाराचा बोजा वाढतो खरा, पण ज्याला परवडेल त्याने हे अवश्य करावे. थायलंडच्या सरकारी गुंतवणूक मंडळाने मान्यता दिलेल्या कंपन्यांना चार कर्मचाऱ्यांची ही अट लागू नसते, म्हणून आपला व्यवसाय त्यांच्या यादीत बसतो का, हे कंपनी काढण्याआधीच तपासावे. अमेरिकी नागरिकांना 1966 च्या मैत्री करारामुळे कंपनीची बहुतांश मालकी स्वतःकडे ठेवता येते. आपल्याला ती वाट नाही.

दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, हे सांगायचे राहिले. त्याला शुल्क नाही, मात्र उशीर झाल्यास दंड होतो. शिवाय ‘री-एंट्री परमिट’, म्हणजे परत येण्याचा परवाना, न घेता देशाबाहेर गेल्यास एवढ्या खटपटीने मिळवलेली मुदतवाढ रद्द होते. एका खेपेसाठी 1,000 आणि अनेक खेपांसाठी 3,800 बाथ लागतात. हा परवाना बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावरही मिळतो, म्हणून मी तिथूनच घेतला.