मागच्या कोपऱ्यातला सात फुटांचा खड्डा आणि सरकलेला कॉलम

कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे असलेल्या आमच्या जागेवर घर बांधायचे आहे, आणि गेले दोन रविवार केवळ पायाचे खड्डे खणण्यात गेले. नकाशावर कॉलमच्या जागा पक्क्या झाल्या होत्या, परंतु जमीन पाहिल्याशिवाय फुटिंगची (कॉलमखालच्या काँक्रीटच्या रुंद पायाची) खोली लिहायची नाही, असे आम्ही ठरवले होते. रस्त्याकडील कोपऱ्यात चार फुटांवर पिवळसर मुरूम लागला. मागील कोपऱ्यात मात्र सात फुटांपर्यंत काळी मातीच होती. तिचा एक ओला ढेकूळ दोन दिवस उन्हात ठेवला, तेव्हा त्यात नाणे उभे बसेल एवढी भेग पडली.

ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे काही फुटिंग मुरमावर आणि काही मातीत राहिल्यास घराचा एक भाग स्थिर राहतो, दुसरा वर-खाली होतो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. "सगळं पाच फुटांवर घेऊ, खाली सोलिंग टाकू की," म्हणजे दगडांचा थर रचू, असे मिस्त्रींचे म्हणणे होते. मला ते पटले नाही. प्रत्येक फुटिंग मुरमापर्यंतच न्यायचे, मग खोली सारखी नसली तरी चालेल, असा निर्णय इंजिनिअरशी बोलून घेतला.

त्यातून नवा पेच निर्माण झाला. शेजारच्या दोन फुटिंगच्या तळांत जेवढा उभा फरक असेल, त्याच्या किमान दुप्पट आडवे अंतर त्यांच्या कडांमध्ये असावे लागते, अन्यथा वरच्या फुटिंगचा भार खालच्यावर कलतो. आमच्याकडे फरक तीन फुटांचा, म्हणजे अंतर सहा फूट हवे. कॉलमची मध्यरेषा ते मध्यरेषा साडेदहा फूट आणि फुटिंग पाच फूट चौरस, म्हणून उरत होते साडेपाच. अखेर मागचा कॉलम एक फूट सरकवला आणि स्वयंपाकघराचा ओटा तेवढाच आखूड झाला. (घरात या विषयावर अद्याप बोलणे सुरू आहे.)

भाराचा अंदाज असा : एका मधल्या कॉलमवर दोन स्लॅब, भिंती व वापराचा भार धरून सुमारे २७ टन येतात, आणि फुटिंगचे स्वतःचे वजन मिळवूनही मुरमावर चौरस मीटरला तेरा टनांपेक्षा कमी दाब पडतो. मुरूम चौरस मीटरला वीस टन पेलेल, असे इंजिनिअरने धरले आहे. कॉलम १२ बाय १२ इंची ठेवला आहे. नऊ इंची भिंतीतून तो तीन इंच बाहेर दिसेल, पण कोल्हापूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात येत असल्यामुळे तिथे तडजोड केली नाही. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगांचे हुक १३५ अंशांत आत वळवायचे, हेही बार बेंडरला (सळया वाकवणाऱ्या कारागिराला) दोनदा सांगितले आहे.

आखणीत चूक माझीच झाली. मी मापे कॉलमच्या मध्यापासून दिली होती आणि मिस्त्रींनी ती बाहेरच्या कडेपासून धरली, त्यामुळे एक ओळ सहा इंच सरकली. काटकोन तपासायला नऊ-बारा-पंधरा फुटांचा गुण्या लावला, तेव्हा ती जुळली होती. दोन्ही कर्ण मोजल्यावर मात्र फरक उघड झाला. दोऱ्या पुन्हा बांधल्या.

पुढील रविवारी मागील खड्ड्याचे शेवटचे सहा इंच खणून त्याच दिवशी पीसीसी (तळाचे सळईविना साधे काँक्रीट) ओतायची आहे, म्हणजे उघडा तळ भिजून मऊ होणार नाही. भरावासाठी काढलेली काळी माती वापरायची नाही. मुरमाच्या दोन ट्रॉल्या सांगून ठेवल्या आहेत.