तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी ‘हिरवी’ होते तेव्हा फाउंड्रीत काय होतं?

दरवर्षी इंजिनिअरिंगची पोरं फाउंड्री बघायला येतात आणि त्यातलं एक तरी विचारतंच, “सर, कार कंपन्या सप्लाय चेन पर्यावरणपूरक करतोय म्हणतात. ते तुमच्यापर्यंत खरंच पोचतं का, की सगळं कागदावरच?” लग्नकार्यात आमचे मेहुणेही हेच विचारतात, फक्त ते ‘सगळं कागदावरच’पासून सुरुवात करतात.

पोचतं. कागदावरूनच पोचतं, हेही खरं.

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची लहानशी फाउंड्री आहे, बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) कास्टिंगची, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतून गाडीचे पार्ट करायची. 2022-23 पासून पहिल्या 1000 लिस्टेड कंपन्यांना सेबीने ‘बीआरएसआर’ अहवाल (धंद्याचा पर्यावरण आणि समाजावर काय परिणाम होतो त्याचा हिशेब) सक्तीचा केला आणि त्यानंतर आमच्याकडे गिऱ्हाईक कंपन्यांचे फॉर्म यायला लागले. वीज किती, डिझेल किती, पाणी किती. त्यात चूक काही नाही. कार कंपनीच्या स्वतःच्या प्लँटमध्ये मुख्यतः पत्रा दाबतात, वेल्डिंग, रंग आणि जोडणी करतात. खरी भट्टी पेटते ती आमच्यासारख्यांकडे आणि त्याआधी पोलादाच्या कारखान्यात. तेव्हा आमचा आकडा घेतल्याशिवाय त्यांचा हिशेब पुरा होत नाही. फॉर्ममध्ये झाडं किती लावली याचाही रकाना आहे, फोटोसकट. आमची कडुलिंबाची तीन झाडं आता सगळ्या पर्चेस खात्यांच्या ओळखीची झालीत.

पोरांना मी भट्टीपाशी नेतो. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन बीड वितळवायला साधारण 600 युनिट वीज लागते, आणि आपल्या ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे 700 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे टनाला 400 किलोच्या वर. पण जेवढं वितळवलं तेवढं गाडीत जात नाही, ही गोष्ट पोरांना नॉकआउटवर उभं केल्याशिवाय पटत नाही. साचा फुटतो, गरम वाळूतून कास्टिंग बाहेर येतं आणि त्याला चिकटलेली रनर-रायझरची (साच्यात धातू नेणाऱ्या आणि थिजताना पुरवणाऱ्या वाटांची) शेपटं हातोड्याने तोडून बाजूला पडतात. ती परत भट्टीत. वीज पुन्हा तेवढीच.

आमच्याकडे एक हाउसिंग होतं. पार्ट 18 किलोचा, ओतायचो 29 किलो. वरून मशीनिंगमध्ये आत पोकळी निघायची. चाकणला गिऱ्हाइकाकडे ड्रिल मारल्यावर ती पोकळी, म्हणजे ब्लोहोल, दिसायची आणि तो पार्ट अडीचशे किलोमीटर परत यायचा, पुन्हा वितळायला. दोनदा वीज, दोन फेऱ्या डिझेल, आणि वर आमच्या नावावर डेबिट नोट, म्हणजे बिलातून पैसे कापले. आमच्या पॅटर्न शॉपमधले (साच्यासाठी नमुने करतात तिथले) एक जुने मिस्त्री पहिल्या दिवसापासून म्हणत होते की रायझर चुकीच्या जागी आहे आणि कोपऱ्यातली ती जाड गाठ थोडी तासून द्या म्हणावं. शेवटी कॉम्प्युटरवर ओतकामाचं सिम्युलेशन करून घेतलं. मिस्त्री म्हणत होते तेच स्क्रीनवर लाल दिसलं.

बदल केला तर ओतायचं वजन 25 किलोवर येत होतं. महिन्याला 3,000 नग, म्हणजे 12 टन धातू कमी वितळवायचा: सात हजारांवर युनिट, पाच टन कार्बन डायऑक्साइड, दर महिन्याला. पण ड्रॉइंगमधली ती गाठ आमची नाही, गिऱ्हाइकाची. डिझाइनवाले म्हणाले पर्चेसला विचारा, पर्चेस म्हणालं क्वालिटीला विचारा. नवं पीपॅप (पार्ट मंजुरीची कागदपत्रं), नवे नमुने, नव्या टेस्ट. सात महिने गेले. मंजुरी आली तेव्हा सोबत पत्र होतं: वीज वाचणार असेल तर दर कमी करा. आणि त्या वर्षीच्या फॉर्ममध्ये हे पाच टन भरायला रकाना नव्हता. कडुलिंबाला होता.

म्हणून माझं मत असं झालंय की आमच्या धंद्यात पर्यावरणाचं काम पर्यावरण खात्यात होत नाही, ते ड्रॉइंग बोर्डावर आणि दराच्या बैठकीत होतं. गिऱ्हाईक तीन वर्षांची ऑर्डर पक्की देत असेल तर मी छपरावर सोलर टाकतो. दर तिमाहीला भाव पाडणार असेल तर कुठली बँक मला कर्ज देणार? शिवाय फाउंड्रीवाल्यांनी वर्षानुवर्षं हीट (भट्टीतल्या वितळवण्या) रात्री घेतल्या, कारण रात्री वीज सवलतीत मिळायची. सूर्य काही रात्रपाळीला येत नाही.

वाळूचं मात्र आमचंच पाप, ते गिऱ्हाइकावर ढकलत नाही. आमच्याकडची सिलिका वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागातून घाट चढून येते. साच्याची वाळू फिरवून वापरता येते. (तिला ‘ग्रीन सँड’ म्हणतात, हे ऐकून एका ऑडिटरने खूश होऊन वहीत खूण केली होती. ग्रीन म्हणजे ओली हो, न भाजलेली.) पण कोअरची (पार्टातली पोकळी घडवणाऱ्या गाभ्याची) रेझिनवाली वाळू जळून काळी पडते आणि ती कुणाला नको असते. कित्येक वर्षं ती रस्त्याकडेला, खड्ड्यात, कुणाच्या प्लॉटच्या भरावात गेली. आमचीही गेली. आता थोडी पेव्हर ब्लॉकवाला नेतो, बाकीची पुन्हा वापरण्याजोगी करायला रिक्लेमेशनला पाठवतो. नव्या वाळूपेक्षा फार स्वस्त पडत नाही, पण कासार्ड्याहून येणाऱ्या गाड्या कमी झाल्या.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की हे सगळं संपेल ना, असंही पोरं विचारतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड संपेल. ब्रेकचं बीड राहील.

येत्या सोमवारी आणखी दोन पार्टांची ड्रॉइंग घेऊन चाकणला जातोय. दोन्हींत तशीच गाठ आहे. मिस्त्रींनाही गाडीत घेतोय. पर्चेसचे साहेब बदललेत, तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार.