गोल्ड कपचे घोडे पारखताना

दरवर्षी मार्चमध्ये इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमच्या मैदानावर गोल्ड कपची शर्यत होते आणि तिच्या आधीचे काही आठवडे मी त्यात उतरणाऱ्या घोड्यांच्या जुन्या शर्यती पुन्हा पुन्हा पाहण्यात घालवतो. उंच कुंपणांवरून उड्या घेत धावायच्या शर्यतींमध्ये, म्हणजे स्टीपलचेसमध्ये, ब्रिटन आणि आयर्लंडमधली ही सर्वोच्च कसोटी मानली जाते. ग्रँड नॅशनलला प्रसिद्धी अधिक मिळते, पण ती हँडिकॅप शर्यत आहे. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त आणि सामान्य घोड्याच्या पाठीवर कमी वजन देऊन तिथे सर्वांना एका पातळीवर आणायचा प्रयत्न असतो. गोल्ड कपमध्ये असा दिलासा नाही. जॉकी आणि खोगीर धरून प्रत्येक घोडा ११ स्टोन १० पाउंड, म्हणजे सुमारे ७४ किलो वजन वाहतो. घोडीला ७ पाउंडांची आणि पाच वर्षांच्या घोड्याला थोडीशी सूट मिळते, एवढेच. वजनाचा आडोसा नसल्यामुळे घोड्याच्या अंगी जे आहे ते उघड्यावर येते, आणि म्हणूनच ही शर्यत आधीपासून अभ्यासायला मला सर्वांत जास्त आवडते.

माझी पद्धत अशी की घोड्यांच्या यादीकडे वळण्याआधी शर्यत काय मागते ते नीट समजून घ्यायचे. अंतर सुमारे ३ मैल २½ फर्लांग, म्हणजे जवळजवळ ५.३ किलोमीटर, आणि वाटेत २२ कुंपणे. ट्रॅक डावीकडे वळणारा आणि चढउतारांचा आहे. शेवटून तिसरे कुंपण उतारावर येते, तेही नेमके सर्वांनी वेग वाढवलेला असताना. दमलेला घोडा तिथे उडीचे अंतर चुकवतो आणि पुढच्या पायांवर कोसळतो. त्यानंतर सरळ पट्ट्यातली शेवटची दोन कुंपणे आणि मग विजयरेषेपर्यंतचा चढ. एवढे अंतर कापून आलेल्या घोड्याला तो चढ फार निर्दयपणे तपासतो, आणि शेवटचे कुंपण पहिल्याने ओलांडणारा घोडाच जिंकेल याची खात्री तिथे कोणीही देऊ शकत नाही.

म्हणून एखाद्या घोड्याची जुनी शर्यत पाहताना तो कितवा आला यापेक्षा शेवटचे दोन फर्लांग तो कसा धावला, याला मी जास्त महत्त्व देतो. आघाडी घेऊन दहा लांबींनी (एक लांबी म्हणजे साधारण एका घोड्याच्या शरीराएवढे अंतर) जिंकलेला घोडा शेवटी पावले आखडत असेल, तर तो विजय मला अर्धाच वाटतो. उलट, चौथा आलेला घोडा रेषेजवळ पुढच्यांशी अंतर कमी करत असेल, तर तो आणखी दोन फर्लांग मिळाले असते तर कुठे असता, हा विचार करावा लागतो. निकालाच्या तक्त्यात दोघांच्या नावांपुढे फक्त आकडे असतात. हा फरक चित्रफीत पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट मैदानाच्या ओलाव्याची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण चांगल्या अभ्यासकांचेही अंदाज सर्वांत जास्त इथेच कोलमडतात. २०१८ चा गोल्ड कप हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्या वर्षी माइट बाइट हा घोडा सर्वांच्या पसंतीत पुढे होता. आदल्या डिसेंबरमध्ये त्याने केम्पटनची किंग जॉर्ज शर्यत जिंकली होती, आणि त्याचा वेग पाहताना डोळ्यांचे पारणे फिटत असे. पण केम्पटनचा ट्रॅक सपाट आहे, उजवीकडे वळतो आणि अंतर तीनच मैलांचे आहे. चेल्टनहॅमला त्या शुक्रवारी जमीन चांगलीच भिजलेली होती. नेटिव्ह रिव्हर हा घोडा वेगात माइट बाइटच्या बरोबरीचा नव्हता, पण त्याचा दम अफाट होता. २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्याने चेपस्टोची वेल्श नॅशनल ही लांब पल्ल्याची शर्यत पाठीवर सर्वाधिक वजन घेऊन जिंकली होती. जॉकी रिचर्ड जॉन्सनने त्याला सुरुवातीपासून पुढे ठेवले, प्रत्येक कुंपणावर उडीची मागणी केली आणि माइट बाइटला एक क्षणही श्वास घेऊ दिला नाही. दोघे जवळजवळ जोडीनेच वळणावर आले. त्यानंतर चढावर माइट बाइटचे पाय जड झाले आणि नेटिव्ह रिव्हर साडेचार लांबींनी जिंकला. कोरड्या जमिनीवर निकाल कदाचित वेगळा लागला असता. पण पारखणाऱ्याने त्या दिवशीच्या जमिनीचाच विचार करायचा असतो, आणि ती जमीन नेटिव्ह रिव्हरची होती.

याच घोड्याच्या कहाणीत आणखी एक धडा आहे. आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, तो गोल्ड कपमध्ये तिसरा आला होता, पण त्याआधी त्या हंगामात त्याने अनेक खडतर शर्यती केल्या होत्या. २०१८ मध्ये मात्र गोल्ड कपपूर्वी त्याला त्या हंगामात एकदाच, न्यूबरीला, पळवले गेले. ताजेपणा हा गुण आकड्यांत दिसत नाही, परंतु हंगामातल्या शर्यतींची संख्या आणि त्यांतली दमछाक मोजली तर त्याचा अंदाज येतो. २००२, २००३ आणि २००४ असा सलग तीन वेळा गोल्ड कप जिंकणाऱ्या बेस्ट मेटलाही त्याच्या ट्रेनर हेन्रिएटा नाइट यांनी हंगामात मोजक्याच शर्यतींत उतरवले होते. घोडा वर्षभर मैदानावर दिसत नाही अशी तक्रार तेव्हा होत असे. मला ती कधीच पटली नाही, कारण मार्चमधला तो चढ डिसेंबरात संपवलेल्या ताकदीवर चढता येत नाही.

पडण्याच्या नोंदी वाचताना तर विशेष सावध राहावे. घोड्याच्या आधीच्या निकालांच्या ओळीत पडल्याची, जॉकी खाली आल्याची किंवा मध्येच शर्यत सोडल्याची खूण अक्षराने केलेली असते, आणि बरेच लोक ते अक्षर दिसताच घोड्यावर काट मारतात. २०२२ च्या चेल्टनहॅम फेस्टिव्हलमध्ये, म्हणजे ज्यात गोल्ड कपही असतो त्या मार्चमधल्या शर्यतींच्या मेळ्यात, गॅलोपिन दे शाँ हा घोडा नोव्हिस घोड्यांच्या शर्यतीत मोठ्या आघाडीवर होता आणि शेवटच्या कुंपणावर पडला. नोव्हिस म्हणजे त्या हंगामाच्या आरंभापर्यंत कुंपणांची एकही शर्यत न जिंकलेला घोडा. ती नोंद नुसती वाचणाऱ्याला तो कच्चा उडी मारणारा वाटला असता. चित्रफीत पाहिलेल्याला दिसले असते की शेवटच्या कुंपणापर्यंत त्याने सर्वांना मागे टाकले होते आणि उडीही छान घेतली होती, फक्त पाय टेकताना तोल गेला. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, त्याने गोल्ड कप सात लांबींनी जिंकला आणि २०२४ मध्ये पुन्हा जिंकला. याउलट काही घोड्यांच्या नावापुढे पडल्याची एकही नोंद नसते, पण प्रत्येक शर्यतीत दोन-तीन कुंपणांवर ते अडखळतात, वेग गमावतात आणि तो परत मिळवताना दम खर्च करतात. बावीस कुंपणांच्या शर्यतीत अशा गळतीची किंमत शेवटी मोजावी लागते, आणि मला अशा घोड्याची धास्ती पडलेल्या घोड्यापेक्षा जास्त वाटते.

अंतराबाबत मी काहीसा उदार आहे. लांब पल्ला धावून दाखवलेला घोडाच निवडावा असा आग्रह अनेक जण धरतात, परंतु सायझिंग जॉनने २०१७ मध्ये तो आग्रह खोटा पाडला. हा घोडा बराच काळ दोन मैलांच्या शर्यतींत धावत असे आणि तिथे डुव्हान या अत्यंत वेगवान घोड्यामागे वारंवार राहत असे. जेसिका हॅरिंग्टन यांच्या तबेल्यात आल्यावर त्याचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवले गेले, फेब्रुवारीत त्याने लेपर्ड्सटाउनचा आयरिश गोल्ड कप जिंकला आणि पुढच्याच महिन्यात चेल्टनहॅमही. डुव्हानमागच्या त्या हारींकडे कमकुवतपणा म्हणून पाहणाऱ्यांनी दोन गोष्टी विसरल्या: समोरचा घोडा कोण होता आणि अंतर किती होते.

वयाचा विचार थोडक्यात उरकता येतो. १९६९ मध्ये व्हॉट अ मिथ बाराव्या वर्षी जिंकला, त्यानंतर दहा वर्षांपेक्षा मोठ्या घोड्याने ही शर्यत जिंकलेली नाही. खालच्या बाजूला सहा वर्षांचा लाँग रन २०११ मध्ये जिंकला, पण १९६३ च्या मिल हाउसनंतर त्या वयाचा तो पहिलाच विजेता होता. सात ते नऊ या वयांतल्या घोड्याला मी काही न विचारता पुढे जाऊ देतो. इतरांना जास्त प्रश्न विचारतो.

नियम माहीत असणे जितके गरजेचे, तितकेच ते कधी मोडतात हे ओळखणेही. नोव्हिस घोड्याने गोल्ड कप जिंकणे फार दुर्मीळ, तरीही २०१५ मध्ये कोनीग्रीने ओल्या जमिनीवर आरंभापासून अखेरपर्यंत आघाडी ठेवून तो जिंकला. त्याआधी असे १९७४ मध्ये कॅप्टन क्रिस्टीने केले होते. १९८९ मध्ये डेझर्ट ऑर्किडचे उदाहरण तर जमीन आणि वळण या दोन्ही कसोट्यांना छेद देते. उजवीकडे वळणाऱ्या ट्रॅकवर खुलणारा हा करडा घोडा चेल्टनहॅमला, तेही चिखलात, जिंकणार नाही असे मानायला सबळ कारणे होती, आणि चिखल आवडणारा याहू त्याच्या पुढे निघालाही होता. तरीसुद्धा चढावर डेझर्ट ऑर्किडने त्याला गाठले आणि मागे टाकले. इतकी जिद्द कोणत्याही तक्त्यात मावत नाही. ती आधीच्या चुरशीच्या शर्यतींत घोडा कसा वागला यावरूनच थोडीफार कळते.

या सगळ्या कसोट्या एकत्र लावून पाहण्यासाठी २०२५ ची शर्यत मला सर्वांत बोलकी वाटते. गॅलोपिन दे शाँ सलग तिसऱ्या विजयासाठी उतरला होता आणि फेब्रुवारीत त्याने आयरिश गोल्ड कपही जिंकला होता. त्याच शर्यतीत चौथा आलेला आय नो द वे युअर थिंकिन हा सात वर्षांचा घोडा मूळ यादीत नव्हताच, मालक जे. पी. मॅकमॅनस यांनी २५,००० पाउंड भरून त्याला ऐन वेळी दाखल केले. त्या हंगामात त्याने एकही शर्यत जिंकली नव्हती, म्हणून निकालांची ओळ वाचणाऱ्याला तो किरकोळ वाटणे साहजिक होते. पण मागचे पान उलटले तर वेगळे चित्र होते. २०२४ च्या फेस्टिव्हलमध्ये याच मैदानावर, साधारण याच अंतरावर त्याने हँडिकॅप शर्यत जिंकली होती आणि पुढच्या महिन्यात इंग्लंडमधल्याच एन्ट्री नावाच्या मैदानावर नोव्हिस घोड्यांची सर्वोच्च दर्जाची शर्यतही. लेपर्ड्सटाउनला तो हरला, पण अखेरीस पुढे सरकत होता, आणि तिथले अंतर चेल्टनहॅमपेक्षा कमी होते. शिवाय वयाने तो अजून घडत होता. एकेक मुद्दा वेगळा घेतला तर कोणताही निर्णायक नव्हता, तरी सगळ्यांची दिशा एकच होती: जास्त अंतर, चेल्टनहॅमचा चढ आणि वाढती ताकद. प्रत्यक्षात मार्क वॉल्शने त्याला घाई न करता मागून आणले, शेवटच्या कुंपणाकडे येताना तो गॅलोपिन दे शाँच्या बरोबरीला आला आणि चढावर सहा लांबींनी पुढे गेला.