आंघोळीचे पाणी आणि वीजबिलातला वरचा टप्पा

ठाण्यात घर उबदार ठेवण्यासाठी कोणी इंधन जाळत नाही. खिडक्या लावून घेतल्या आणि कपाटातली जाड पांघरुणे काढली की आपली थंडी भागते. तरीही हिवाळ्याचे चार महिने घरोघरी उष्णतेवर चांगले पैसे खर्च होतात, आणि तो खर्च जवळजवळ सगळा आंघोळीच्या पाण्याचा असतो. मे महिन्यातल्या एसीच्या बिलाशी तुलना केली तर जानेवारीचे बिल लहानच दिसते, त्यामुळे गीझर नजरेतून सुटतो. यंदा थंडी सुरू होण्याआधी मी हा हिशोब कागदावर मांडला आणि निष्कर्ष माझ्या अंदाजापेक्षा बराच वेगळा निघाला.

हिशोब साधा आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, आणि विजेचे एक युनिट म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरपायथ्याशी पहाटे टाकीतले पाणी २२ अंशांच्या आसपास असते असे धरले आणि विसण घातल्यानंतर बादलीतले पाणी ४० अंश हवे असले, तर वीस लिटरच्या एका बादलीला ३६० किलोकॅलरी लागतात. चार माणसांच्या चार बादल्यांना मिळून १,४४० किलोकॅलरी, म्हणजे पावणेदोन युनिटांना थोडी कमी वीज. गीझरच्या टाकीतून आणि नळातून वाया जाणारी उष्णता धरून रोजची दोन युनिटे, महिन्याची साठ. शॉवरखाली आठ मिनिटे उभे राहणाऱ्याने मात्र स्वतःच्या नावावर साडेतीन बादल्या लिहून घ्याव्यात.

या साठ युनिटांची किंमत किती, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक लोक बिलाची एकूण रक्कम एकूण युनिटांनी भागतात आणि येणारा सरासरी दर गीझरला लावतात. ही पद्धत चुकीची आहे. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. दिवे, पंखे, फ्रिज, धुलाई यंत्र यांची वीज गीझर असो वा नसो लागणारच. गीझरची युनिटे त्यांच्यावर रचली जातात आणि म्हणून ती नेहमी सर्वांत वरच्या टप्प्यात मोजली पाहिजेत. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार ४.७१ रुपये होता, १०१ ते ३०० युनिटांना १०.२९ आणि ३०१ ते ५०० युनिटांना १४.५५. त्यावर प्रत्येक युनिटामागे १.१७ रुपये वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च, आणि शेवटी १६ टक्के वीज शुल्क. या दरांनी, इंधनाच्या खर्चानुसार बदलणारा इंधन समायोजन आकार बाजूला ठेवला तरी, गीझरची तीच साठ युनिटे पहिल्या टप्प्यात बसली तर सुमारे ४१० रुपयांना पडतात, दुसऱ्यात ८०० रुपयांना आणि तिसऱ्यात जवळजवळ १,१०० रुपयांना. पाणी तेच, आंघोळ तीच. दीड-दोनशे युनिटे सहज वापरणाऱ्या मध्यमवर्गीय घराने आपला गीझर ८०० रुपयांचा समजावा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर जास्त वीज खातो आणि दोन किलोवॅटचा साठवणीचा गीझर कमी, असे दुकानदारही सांगतात. लागणारी वीज पाणी किती आणि किती अंशांनी तापवले यावर ठरते. किलोवॅट जास्त असले तर ते काम लवकर उरकते, एवढेच. पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर २२ अंशांचे पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण वीस मिनिटे घेतो. त्यापुढे तो चालू ठेवला की टाकीच्या भिंतीतून निसटणारी उष्णता भरून काढण्याचेच काम करत राहतो. बादलीत सोडायचा रॉड निव्वळ कार्यक्षमतेत गीझरपेक्षा सरस असतो, पण लहान मुले वावरत असलेल्या घरात मी तो कधीही ठेवणार नाही.

आता वायू. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, आणि एप्रिल २०२५ मधल्या पन्नास रुपयांच्या वाढीनंतर मुंबईत त्याचा दर ८५२.५० रुपये झाला, म्हणजे किलोला साठ रुपये. एक किलो एलपीजीतून सुमारे १०,९०० किलोकॅलरी मिळतात. गॅस गीझरची कार्यक्षमता ऐंशी टक्के धरली तर आमच्या चार बादल्यांना महिन्याला पाच किलो गॅस, म्हणजे ३०० रुपये लागतात. शेगडीवर पातेले ठेवून तापवले तर ज्योतीची बरीच उष्णता पातेल्याच्या कडेने निघून जाते आणि खर्च चारशेच्या घरात जातो. पाइपमधून येणाऱ्या वायूचा दर घनमीटरला पन्नास रुपयांच्या आसपास धरला तर आकडे जवळजवळ हेच येतात. वरच्या टप्प्यातल्या विजेपेक्षा वायू निम्म्याहून स्वस्त पडतो.

हा पाइपचा दर कसा ठरतो, हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. २०१४ च्या सूत्रानुसार देशात निघणाऱ्या वायूची किंमत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि रशिया येथील दरांशी जोडलेली होती. जिथे घरे उबदार ठेवण्यासाठी वायू जळतो, त्या थंड देशांतल्या टंचाईचा हिशोब आपल्या स्वयंपाकघरात येत होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये दहा लाख ब्रिटिश थर्मल युनिटांमागे (वायूतली उष्णता मोजण्याचे माप) २.९० डॉलर असलेला सरकारी दर वर्षभरात ८.५७ डॉलरवर गेला. एप्रिल २०२३ पासून तो भारतात येणाऱ्या कच्च्या तेलाच्या किमतीच्या दहा टक्के असा ठरवण्यात आला आणि त्यावर साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घालण्यात आली. त्याच महिन्यात मुंबई-ठाणे परिसरात पाइपचा वायू घनमीटरला पाच रुपयांनी उतरला. एलपीजीला असे कवच नाही. आपली निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते आणि त्या आयातीचा पाया असलेला सौदी अरेबियाचा एलपीजी दर महिन्या-महिन्याला बदलतो.

इतका स्वस्त असूनही न्हाणीघरात गॅस गीझर लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या घरांत पाण्याचा बंब परसात किंवा पडवीत पेटायचा, धूर मोकळ्यावर जायचा. आजच्या फ्लॅटमधली न्हाणीघरे कपाटाएवढी, आणि थंडीत आपण त्यांची खिडकीही घट्ट लावतो. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या वायूतून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस बेशुद्ध होईपर्यंत बऱ्याचदा काही कळत नाही. ड्राय बाल्कनी असेल, तिथे पाइप पोहोचत असेल आणि धुरांडे थेट बाहेर काढता येत असेल, तरच हा पर्याय विचारात घ्यावा. महिन्याच्या पाचशे रुपयांसाठी याहून अधिक धोका पत्करण्यात अर्थ नाही.

राहिली गच्ची. आमच्या इमारतीवर विकासकाने बसवलेली सौर उष्णजल यंत्रणा आहे आणि तिचा फायदा वरच्या मजल्यांनाच होतो, कारण खालच्या मजल्यावर गरम पाणी पोहोचेपर्यंत पाइपमधले बादलीभर गार पाणी सोडून द्यावे लागते. टँकरच्या जड पाण्याने काही नळ्यांत क्षारही साचले आहेत. म्हणून ती काढून त्या जागी वीज निर्माण करणारी पॅनेल्स बसवावीत, असा प्रस्ताव सोसायटीपुढे आला आहे. २०२४ च्या सूर्यघर योजनेत सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, त्यामुळे प्रस्तावाला वजनही आले आहे. मला तो अर्धाच पटतो. पॅनेल्सची वीज लिफ्ट आणि पंपाच्या मीटरला जाईल, सदस्यांच्या घरच्या वरच्या टप्प्याला ती हात लावणार नाही. शिवाय पॅनेल उन्हातल्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा विजेत बदलते, तर पाणी तापवणाऱ्या नळ्या निम्म्याहून अधिक हिस्सा पाण्यात उतरवतात, आणि कोकणपट्टीत ऐन थंडीत आकाश निरभ्र असते. वरच्या चार मजल्यांपुरत्या नळ्या स्वच्छ करून राखाव्यात, उरलेल्या गच्चीवर पॅनेल्स बसवावीत, आणि खालच्या मजल्यांनी गीझरचा थर्मोस्टॅट ५० अंशांवर आणून वीस मिनिटांत बटण बंद करावे, अशी लेखी सूचना मी सचिवांकडे दिली आहे.