पद्मपाणीचे डोळे कुणी उघडले

रविवार, रात्र

आज फॅमिली ग्रुपवर भाच्यानं अजिंठ्याच्या पद्मपाणीचा, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्राचा, फोटो टाकला, एआयनं 'रिस्टोअर' केलेला. पडलेला गिलावा गायब, अंगाला मेकअप केल्यासारखी तुकतुकी, आणि डोळे सरळ कॅमेऱ्याकडं. अहो, १ नंबरच्या लेणीत त्याची नजर खाली झुकलेली आहे, सगळा जीव तिथंच आहे त्या चित्राचा! पण ग्रुपवर सगळे वा वा करायलेत, आत्या म्हणली मूळ असंच असणार.

मशीनला काय माहीत मूळ कसं होतं. तिनं हजारो चेहरे बघितलेत त्यातला सरासरी देखणा चेहरा तिथं बसवला, झालं.

तसं बघितलं तर नक्कल ही अजिंठ्याला नवी नाही. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८४० च्या दशकापासून तिथं मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं कॉप्या रंगवल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जेजे कलाशाळेची पोरं घेऊन आला, १८७२ पासून पुन्हा तेच काम, आणि त्यातल्याही बऱ्याच १८८५ ला लंडनलाच जळाल्या. नशीबच वाईट म्हणायचं. पण त्या माणसांनी भिंतीसमोर उभं राहून, डोळे ताणून, दिसलं ते काढलं हो.

आणि मी काय एआयच्या विरोधात नाही. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०२१ ला रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच' या चित्राचे १७१५ साली कापून टाकलेले काठ एआयकडून बनवून घेतले, तेही जुनी एक छोटी नक्कल हाताशी होती म्हणून. ते तुकडे वेगळे छापून मूळ चित्राच्या कडेला लावले, काही महिन्यांनी काढूनही घेतले. खरं कुठं संपतं आणि अंदाज कुठं सुरू होतो ते समोर उभ्या माणसाला कळत होतं, मला एवढंच पाहिजे. उलट हेगच्या मॉरित्शुइसमध्ये २०२३ ला व्हर्मीरचं 'मोत्याच्या डूलवाली पोरगी' हे चित्र बाहेर प्रदर्शनाला गेलं तर त्याच्या जागी लोकांनी पाठवलेली चित्रं दाखवली, त्यात एक एआयचं निघालं आणि चित्रकार लई भडकले.

आता म्युझियमवाल्यांची पंचाईत वेगळीच आहे. त्यांनी चित्रं ऑनलाइन फुकट खुली केली, का तर लातूर-परभणीच्या पोराला घरबसल्या बघता यावीत, आणि आता तिथं पोरांच्या आधी बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, येऊन एआयला शिकवायला ढिगानं डाउनलोड करायलेत. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियानं तर २०२५ मध्ये सांगितलं की जानेवारी २०२४ पासून फोटो-व्हिडिओच्या डाउनलोडचा भार ५० टक्क्यांनी वाढलाय, तोही मुख्यतः बॉटांमुळं. म्हणजे प्रेक्षक वाढले म्हणावं तर माणसं किती त्यात? आणि जी माणसं आहेत त्यांना भाच्यासारख्यांनी केलेलं गुळगुळीत पोचायलंय, मूळ चित्रापर्यंत जायची गरजच वाटंना.

भाच्याला फोन केला, म्हणलं बाबा खाली निदान 'एआयनं बनवलंय' असं लिही की. तर म्हणतो, "मामा, मग लाईक कोण करंल?"

म्हणलं चल मग, खरं दाखवतो. रविवारी लेण्यांजवळच्या फर्दापूरच्या बसला गर्दी असते, सोमवारी लेणी बंद, मंगळवारी त्याचं प्रॅक्टिकल. बुधवारचं बघू म्हणला, गाडीत पेट्रोल मी टाकायचं या अटीवर.