जेटीवरचं गोदाम: पत्रे चढले, दिवे लागले, पाणी अजून नाही

मंडळी, बरेच दिवस काही लिहिलं नाही कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच, नुसत्या वाकलेल्या भिंती होत्या. आता माझ्या मॉडेल रेल्वेवरचं छोटं गोदाम उभं राहिलंय, पत्रे चढलेत, आणि काल रात्री दिवेपण लागले, म्हणून सगळं एकदाच सांगून टाकतो, जे चुकलं तेपण.

ज्यांना माझा लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा देखावा, माहीत नाही त्यांच्यासाठी: म्हापशाच्या घरात मागच्या खोलीत भिंतीला धरून आठ फूट बाय दीड फुटाचं शेल्फ, एचओ स्केल म्हणजे १:८७, काळ साधारण १९८५, वास्कोकडची मीटरगेज (रुळांत एक मीटर अंतर असलेली रेल्वे), आणि झुआरी नदीच्या काठावर एक सायडिंग, म्हणजे बाजूला काढलेला रूळ, जे खऱ्या नकाशात कुठेही नाही. मीटरगेजला एचओमध्ये खरं तर दोन रुळांत १२ मिमी अंतर पाहिजे आणि माझे रूळ दुकानात सरळ मिळतात ते १६.५ मिमीचे, त्यावरून वाद घालू नका, तो मी स्वतःशी रोज घालतो. बाबांची सगळी नोकरी बंदरात गेली, नव्वदीत ब्रॉडगेज झाली तेव्हा मी शाळेत होतो, त्यामुळे ती छोटी गाडी डोक्यातून जात नाही ती नाहीच.

गोदामाचं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या तुकड्यांचा संच, अमेरिकन. न्यू इंग्लंडकडच्या किनाऱ्यावर असतं तसं दुमजली लाकडी गोदाम, बाजूला छोटं ऑफिस, खाली खांबांवरचा धक्का. सगळं बासवूड नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्यांतून लेझरने कापलेलं. तिकडची इमारत झुआरीवर कशी म्हणाल तर आपली मीटरगेजची डिझेल वायडीएम-४ तरी कुठली, आल्को या अमेरिकन कंपनीच्या डीएल५३५ घराण्यातलीच ना, तिला कोणी परकी म्हटलं का कधी.

आता चूक नंबर एक. हे लाकडी किट मी जूनमध्ये उघडलं. गोव्यात. ज्या महिन्यात कपाटातल्या चपलांवर बुरशी येते त्या महिन्यात मी दीड मिलिमीटरच्या भिंतींना एका बाजूने पाण्यातला अॅक्रिलिक रंग मारला आणि जेवायला गेलो. परत येऊन बघतो तर चारही भिंती पापडासारख्या. मग उलट्या बाजूनेपण तोच रंग मारला, थोडं ओलसर असतानाच दोन प्लायमध्ये दाबलं आणि वर आईचा पाटा ठेवला, दोन रात्री. आई तिसऱ्या दिवशी म्हणाली मसाला वाटायचाय, पाटा दे, तोपर्यंत नशिबाने सरळ झाल्या होत्या. त्यानंतर आतून चौकोनी पट्ट्यांचं ब्रेसिंग, म्हणजे आधार, उभं आणि आडवं दोन्ही, हे मी आधी करायला पाहिजे होतं, किटच्या कागदावर पहिल्याच पानावर लिहिलेलंय, पण कागद वाचायचा धीर कोणाला. पुढच्या सगळ्या तुकड्यांना आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) काळी शाई पातळ करून मारली, दोन्ही बाजूंनी. वाकणं अगदी शून्य होत नाही पण वाळतं पटकन आणि लाकूड मस्त राखाडी होतं, मिठाच्या वाऱ्यात दहा वर्षं काढल्यासारखं.

खांबांवर माझा सर्वात जास्त वेळ गेला आणि खरं सांगायचं तर मजापण तिथेच आली. किटमधले खांब मला उंच वाटत होते, कारण नंतर डोक्यात आलं. बॉस्टनकडे भरती-ओहोटीचा फरक जवळपास तीन मीटरचा, आपल्याकडे मोठ्या भरतीलासुद्धा साधारण दोन. स्केलमध्ये ३४ मिमी आणि २३ मिमी. म्हणजे तो धक्का तिकडच्या समुद्राच्या मापाने बेतलेला होता. सरळ एक सेंटिमीटर कापला सगळ्यांना आणि लगेच इमारत खाली बसली, गोव्यात आल्यासारखी. कमी पडले तिथे कबाबच्या बांबूच्या काड्या, ३ मिमी म्हणजे खऱ्यात २६ सेंटिमीटरचा खांब, बरोबर बसतं.

रंगवायच्या आधी एक दिवस ओहोटीची वेळ बघून मालिमच्या मासेमारी जेटीवर गेलो. मासेमारी बंद, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे सगळे ट्रॉलर एकमेकांना चिकटून बांधलेले आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली, कोणी विचारलंसुद्धा नाही हा खांबांचे फोटो का काढतोय. एकाच खांबावर चार रंग असतात बघा. वर सुकं राखाडी. त्याखाली एक काळपट पट्टा, जिथे पाणी रोज पोचत नाही पण शिंतोडे पोचतात. मग खडबडीत पांढुरका थर, कालवं आणि तसलंच काय काय चिकटलेलं, हात लावला तर कापतं. आणि अगदी खाली हिरवट चॉकलेटी बुळबुळीत, ते कधी पूर्ण सुकतच नाही. मी आधी नुसता हिरवा मारणार होतो, जसा सगळे मारतात. कालवांच्या थरासाठी ग्लूवर तांदळाची पिठी भुरभुरवली, टेक्स्चर इतकं सुंदर आलं की बायकोला उठवून दाखवलं. सकाळी मुंग्यांची रांग. खांबावरून थेट भिंतीपर्यंत. सगळं खरवडून मग टाल्कम पावडर वापरली, तीपण चालते, फक्त घरात अंघोळीचा वास येतो.

छप्पर किटमध्ये डांबरी कागदाचं होतं, ते बाद. इथे एक तर कौलं नाहीतर पत्रे, मी पत्रे घेतले. जुन्या पद्धतीच्या पत्र्याची एक लाट तीन इंचाची, स्केलमध्ये ०.८७ मिमी, आणि एम५ बोल्टच्या आट्यांचं अंतर असतं ०.८ मिमी, त्यामुळे लांब एम५ बोल्ट घेतला, हॉटेलातून पार्सल येतं त्या अॅल्युमिनियमच्या ट्रेचा तळ कापून रबरी माऊसपॅडवर ठेवला आणि वरून बोल्ट दाबून लाटला, चपातीसारखा. लाटा पडतात पण थोड्या तिरक्या पडतात, कारण आटे गोल फिरत फिरत पुढे सरकतात ना. एक अख्खी संध्याकाळ मी ते सरळ कसे पडतील याच्यामागे होतो. मग लक्षात आलं की लाट तिरकी पडली तर पडू दे, तुकडा लाटेला धरून कापायचा, ट्रेच्या कडेला धरून नाही. दहा फुटी पत्रा म्हणजे ३५ बाय ९ मिमी, असे बावन्न कापले. गंजासाठी घरामागची लाल माती मलमलीतून तीनदा चाळून घेतली. एक सूचना, मातीवरून आधी चुंबक फिरवा. आपल्या मातीत लोखंड भरपूर, माझ्या चुंबकाला तर मिशा फुटल्या, हे इंजिनाच्या मोटरमध्ये गेलं तर मोटर गेलीच.

खिडक्यांची गंमत. फेविक्विकने काचेचं प्लॅस्टिक चिकटवलं, दुसऱ्या दिवशी सगळी तावदानं धुरकट पांढरी. फेविक्विकच्या वाफेने असं होतं हे मला माहीत होतं, तरी केलं, कारण रात्रीचे साडेअकरा वाजले होते. उपटून काढणार होतो तेवढ्यात उजेडासमोर धरली आणि थांबलो. जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या आठवतात का? चपट्या शिंपल्या घासून लाकडी चौकटीत बसवलेल्या, काचेऐवजी. चिखलीच्या खाडीत अजून त्या शिंपल्या असतात. अगदी तोच दुधाळ उजेड. ऑफिसच्या तीन खिडक्या तशाच ठेवल्यात, गोदामाच्या मात्र बदलल्या, तिथे नवीन काच साध्या पांढऱ्या ग्लूने.

आता दिवे. वायर जोडून आलेले ०६०३ साइझचे वॉर्म व्हाइट एलईडी मागवले होते, तांदळाच्या कणीएवढे. वायरवर इनॅमलचा पातळ थर असतो, टोकाला सोल्डरचा गरम थेंब धरला की इनॅमल जळतं आणि मग टिन पकडतं, खरवडायला जाऊ नका, तुटते. आणि प्रत्येक एलईडी बसवायच्या आधी सीआर२०३२ या बटण सेलवर लावून बघा, प्लस-मायनस पण कळतं आणि मेलेला असेल तर तोपण कळतो. सात लावले, प्रत्येकाला १ के (हजार ओहम) रेझिस्टर, १२ व्होल्टचा सप्लाय. हिशोब सोपा, १२ मधून एलईडीचे ३ गेले, ९ व्होल्ट भागिले १ के, म्हणजे ९ मिलीअँप. एलईडी वीस सहन करतो तेव्हा नऊ म्हणजे मी अगदी जपून वागलो असं मला वाटत होतं.

खोलीतली लाईट घालवली, स्विच दाबला. गोदाम नुसतं पेटलं. भिंतींतूनच उजेड, दीड मिलिमीटरचं लाकूड कंदिलाच्या कागदासारखं चमकायला लागलं, कोपऱ्यांच्या फटींतून रेघा, पत्र्याखालून सगळीकडे झालर. आणि तरी मला ते आवडलं होतं हो, हे कबूल करतो. मुलाने टाळ्यापण वाजवल्या. बाबा दारात उभे होते.

"अरे, लग्न आहे काय तिथे?"

"बाबा, गोदाम आहे ते."

"गोदामाला एवढा उजेड कोण देतो? आमच्या रात्रपाळीला टेबलावर एक बल्ब, भायर एक बल्ब, बाकी सगळीकडे टॉर्च. तोंडापुढचा माणूस बोलल्यावर कळायचा कोण ते."

एवढं बोलून ते झोपायला गेले आणि माझी झोप गेली. कारण बरोबर होतं. मी इमारत दाखवायला दिवे लावले होते, तिथल्या माणसांना काम करायला नव्हते लावले.

दुसऱ्या दिवशी पत्रे उचलले (छप्पर चिकटवलेलं नाही, कधीच चिकटवू नका) आणि आतून काळा रंग, दोन हात, त्यावर पांढरा. हे भिंती सुट्या असताना दहा मिनिटांचं काम, आता वाकवलेल्या ब्रशने दारातून हात घालून चार तास. कोपऱ्यांत फॉइलची टेप, पत्र्याखालच्या फटीत काळी लोकर ग्लूने बसवली. मग एकेका दिव्याला ५० के चा पॉट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टर) जोडला, सोबत १ के कायमचा म्हणजे पॉट शून्यावर गेला तरी एलईडी जगतो, अंधारात बसून डोळ्याला बरं वाटेपर्यंत फिरवला, पॉट काढून मीटरवर मोजला आणि जवळचा रेझिस्टर टाकला. माझे आकडे असे आले की ऑफिसात १० के, बाहेरच्या दिव्याला १५ के, वरच्या मजल्यावर एकाच खिडकीत ४७ के, म्हणजे जेमतेम ०.२ मिलीअँप, कोणीतरी टॉर्च घेऊन माल बघायला गेलंय एवढंच. बाकी चार काढून टाकले. नऊ मिलीअँपचं लग्न एका मिलीअँपच्या आत आटोपलं. ज्यांनी कधी करून बघितलं नाही त्यांना ४७ के ऐकून हसू येईल, पण आजकालचे एलईडी एवढ्यावरसुद्धा दिसतात, आणि डोळे अंधाराला सरावले की चांगले दिसतात.

वॉर्म व्हाइट म्हणून आलेलेसुद्धा मला पांढरेच वाटत होते. त्यांच्यावर टामिया कंपनीच्या क्लिअर ऑरेंज या पारदर्शक रंगाचा, एक्स-२६ चा, एक पातळ हात दिला की जुन्या बल्बचा पिवळेपणा येतो. दोन हात दिले तर सोडियमचा दिवा होतो, तो पुढे यार्डात लागेल. बाहेरच्या दिव्याची शेड म्हणजे बायकोच्या डब्यातलं टिचबटण, भोकवाली बाजू, मधून वायर गेली, वरून हिरवा आतून पांढरा. ६ मिमी म्हणजे खऱ्यात अर्धा मीटर, थोडी मोठीच, पण खाली धक्क्यावर जो गोल उजेड पडतो ना फळ्यांवर, त्याच्या कडेला खांबांचं फक्त वरचं टोक दिसतं आणि पुढे काळोख. काल रात्री बाबांना परत बोलावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग बोट शिंपल्यांच्या खिडकीकडे. "हां. तिथे बसायचा हजेरीवाला." असा कोणी मी बसवलेला नव्हता, आता बसवावा लागेल.

पाणी राहिलं. रेझिन आणून ठेवलंय पण पावसात टेस्ट म्हणून साबणदाणीत थोडं ओतून बघितलं तर वर तेलकट पांढरट साय धरली, दमट हवेत इपॉक्सीला होतं तसं. कोमट पाण्याने निघते, पण मला तीन-तीन मिलिमीटरचे थर एकावर एक द्यायचेत आणि प्रत्येक थराआधी अख्खी नदी धुवायची माझी तयारी नाही. त्यामुळे आता दिवाळीनंतरच. तोवर तळाला पावसाळ्यातल्या झुआरीसारखा गढूळ चॉकलेटी चिखल रंगवून ठेवलाय आणि धक्क्याखाली चोवीस तास ओहोटी आहे. बाबांना चिखलात टेकलेली एक होडी पाहिजे. माडाच्या हिरांची वल्ही कापून झालीत, होडी अजून व्हायची आहे.